एका रात्रीचे मोल : नारायणगावच्या बाजारात तमाशाची किंमत कशी ठरते

तमाशाचा फड एका रात्रीसाठी ठरवताना गाव जी रक्कम कबूल करते, तिला सुपारी म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, पुणे-नाशिक महामार्गावरच्या नारायणगावात दर वर्षी या सुपाऱ्यांचा बाजार भरतो. चैत्राच्या आधी फडमालक तेथे आपापल्या राहुट्या उभारतात आणि दारावर फडाच्या नावाचा फलक लावतात. गावोगावच्या यात्रा कमिटीची माणसे राहुटी-राहुटीने फिरून भाव विचारतात. गुढीपाडव्याच्या सुमारास व्यवहाराला सर्वाधिक जोर असतो. तारीख, रक्कम आणि इसार ठरला की करार कागदावर उतरतो. नारायणगावला ‘तमाशा पंढरी’ हे नाव पडले ते यामुळेच.

अलीकडच्या हंगामांत नामांकित फडाच्या एका रात्रीची सुपारी लाखांत बोलली जाते. मात्र एकाच फडाचा भाव दोन तारखांना वेगळा असतो, आणि एकाच तारखेला शेजारशेजारच्या दोन राहुट्यांतले भावही जुळत नाहीत. कलेची किंमत साहित्यावर आणि मेहनतीवर ठरत असती, तर हा फरक पडला नसता. तो का पडतो, हे पाहिले की कलेच्या बाजाराचे बरेचसे नियम उलगडतात.

बाजार नारायणगावातच का?

पहिले कारण रस्त्यांचे आहे. नारायणगाव पुणे-नाशिक रस्त्यावर आहे, आणि जवळच्या आळेफाट्याला कल्याणहून माळशेज घाटमार्गे अहिल्यानगरकडे जाणारा मार्ग त्याला छेदतो. पुणे, अहिल्यानगर, नाशिक आणि ठाणे या चारही जिल्ह्यांतल्या गावकऱ्यांना येथे येऊन एका दिवसात परतता येते. फडाच्या गाड्यांनाही येथून कोणत्याही दिशेला निघणे सोयीचे पडते.

दुसरे कारण घराण्याचे आहे. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड याच गावचा. भाऊंची कन्या विठाबाई नारायणगावकर यांनी गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले. जेथे मोठा फड राहतो तेथे वादक, सोंगाडे आणि नर्तकी काम शोधत येतात, आणि कलावंत सापडतात म्हणून इतर फडमालकही तेथेच येतात. खरेदीदाराला एका जागी अनेक विक्रेते भेटले की भाव पडताळणे सोपे जाते. मंचरच्या बाजार समितीत कांद्याचा किंवा नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव ज्या कारणाने उघड होतो, त्याच कारणाने येथे सुपारीचाही होतो.

तिकीट आणि सुपारी

तमाशाचे ढोलकी फड आणि संगीत बारी असे दोन प्रमुख प्रकार आहेत. संगीत बारीत गाणे आणि नृत्य मुख्य असते, आणि ती बहुधा थिएटरात किंवा कला केंद्रात होते. ढोलकी फड गावोगाव फिरतो. गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे कथानाट्य, असा त्याचा पूर्ण खेळ असतो. नारायणगावात व्यवहार होतो तो या फिरत्या फडांचा.

मोठ्या फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखापर्यंत चालतो. पहिल्या टप्प्यात फड स्वतःचा तंबू ठोकून तिकिटावर खेळ करतो. या व्यवहारात सगळी जोखीम फडमालकाची असते. त्या दिवशी पाऊस आला, शेजारच्या गावात दुसरा कार्यक्रम असला किंवा पिकाला भाव नसला, तर तंबू रिकामा राहतो. कलावंतांचा पगार, जेवण, डिझेल आणि जागेचे भाडे मात्र चुकत नाही. दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे यात्रांच्या दिवसांत, फड सुपारीवर जातो. येथे रक्कम आधी ठरलेली असते आणि प्रेक्षकांना खेळ फुकट असतो. प्रेक्षक किती आले, याची चिंता फडाला उरत नाही. ती जोखीम गावाने उचललेली असते. सुपारीच्या रकमेत कलेबरोबर या हमीचीही किंमत असते. तिकिटाच्या महिन्यांत झालेले नुकसान भरून काढायची आशाही तिच्यावरच असते, म्हणून चैत्र-वैशाखातल्या रात्रींचा भाव साऱ्या वर्षाचा भार वाहतो.

दुर्मीळ तिथी

सुपारीचा भाव सर्वांत जास्त हलतो तो तिथीमुळे. पुणे जिल्ह्यातल्या पुष्कळ गावांचे ग्रामदैवत भैरवनाथ, हनुमान किंवा खंडोबा आहे, आणि अनेक यात्रा चैत्रातल्या थोड्या दिवसांत एकवटतात. चैत्र पौर्णिमा आणि चैत्र वद्य अष्टमी या तिथींना एकाच रात्री कितीतरी गावांना तमाशा हवा असतो. नावाजलेले फड मोजके, आणि एक फड एका रात्री एकाच गावात उभा राहू शकतो. मागणी कितीही वाढली तरी त्या रात्रीचा पुरवठा वाढत नाही, म्हणून त्या तिथीला भाव चढतो. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी तोच फड, तेच कलावंत आणि तोच वग कमी रकमेत मिळू शकतो.

याची दुसरी बाजू नाशवंतपणाची आहे. न विकले गेलेले चित्र भिंतीला टेकून ठेवता येते. न विकली गेलेली रात्र ठेवता येत नाही. ती गेली की तिचे उत्पन्न शून्य, आणि त्या दिवसाचा खर्च झालेलाच असतो. त्यामुळे पाडवा उलटला की ज्या फडांच्या तारखा रिकाम्या आहेत ते कमी रकमेलाही तयार होतात. उलट, उशिरा आलेल्या गावाला मोठ्या तिथीला नामांकित फड मिळाला तर त्याला जास्त मोजावे लागते. म्हणून यात्रा कमिटीतले अनुभवी पंच यात्रेच्या बरेच आधी नारायणगाव गाठतात.

गावाची यात्रा एका रात्रीत संपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘हजेरी’ होते आणि तिच्यात कलावंत पुन्हा गाणी सादर करतात. हजेरी सुपारीत धरली आहे का, खेळ किती वाजेपर्यंत चालेल, किती नर्तकी आणि किती वादक येतील, हे बोलणे करताना ठरते. रकमेचा आकडा या अटींसह वाचला तरच त्याचा अर्थ लागतो.

नावाचा भाव

फडांची नावे लांब असतात. ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’, ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’, ‘मंगला बनसोडे सह नितीनकुमार’ अशा नावांत आईवडील, मुले आणि गाव एकत्र येतात. या ‘सह’ला व्यवहारात मोठे वजन आहे. खेळ पाहिल्याशिवाय त्याची प्रत कळत नाही, आणि सुपारी तर खेळाच्या आधी द्यावी लागते. अशा वेळी खरेदीदार खुणेवर विश्वास ठेवतो. फलकावरचे जुने नाव सांगते की या घरात ढोलकी पिढ्यान्‌पिढ्या वाजते आहे, ठरल्या रात्री गाड्या गावात पोचतील आणि वग अर्ध्यावर सुटणार नाही. कलावंत निवर्तल्यानंतरही त्याचे नाव फलकावर राहते, कारण ते नाव फडाचे भांडवल असते.

हे भांडवल जपावे लागते. एखाद्या गावात खेळ फसला, तर ती गोष्ट पुढच्या पाडव्यापर्यंत पंचक्रोशीत पोचते. उत्तम सोंगाड्या किंवा लोकप्रिय नर्तकी एका फडातून दुसऱ्या फडात गेली की दोन्ही फडांचे भाव हलतात. त्यामुळे हंगामाआधी कलावंतांना बांधून ठेवण्यासाठी फडमालक ‘उचल’ देतात, म्हणजे पगारापोटी आगाऊ रक्कम. ती अनेकदा कर्जाऊ आणलेली असते. पाडव्याला मिळणाऱ्या इसारातून आधी हे देणे फेडायचे असते. व्याजाचा तगादा मागे असलेला फडमालक भावासाठी फार काळ अडून बसू शकत नाही. बाजारात कोण किती वेळ थांबू शकतो, यावरही किंमत ठरते, आणि कलेच्या बाजारात थांबण्याची ताकद बहुधा कलावंताकडे नसते.

खर्च वाढतो, वेळ वाचत नाही

मोठ्या फडात कलावंत आणि कामगार मिळून शंभराच्या आसपास माणसे असतात. रंगमंच, कनाती, दिवे, ध्वनियंत्रणा, जनरेटर आणि सामान वाहणाऱ्या गाड्या हे सगळे त्यांच्याबरोबर फिरते. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगजीवी कलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की कारखान्यात यंत्रामुळे कमी माणसांत जास्त माल निघतो, पण मैफलीला पूर्वी जितके वादक आणि जितका वेळ लागत असे, तितकाच आजही लागतो. मजुरी मात्र साऱ्या समाजाबरोबर वाढते. म्हणून प्रत्यक्ष सादर होणारी कला इतर वस्तूंच्या तुलनेत महाग होत जाते.

गवळणीला आजही तेवढीच ढोलकी, तेवढेच तुणतुणे आणि तेवढाच घसा लागतो. सुपारीचे आकडे वाढले म्हणून फड श्रीमंत झाले, असा अर्थ त्यामुळे निघत नाही. वाढलेल्या रकमेचा मोठा भाग डिझेलमध्ये, पगारात आणि व्याजात जातो.

गावाची ऐपत

सुपारीची रक्कम गावात पट्टी आणि वर्गणी काढून जमते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पूर्व भागात कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांचे पाणी खेळते. कांदा, टोमॅटो, द्राक्ष आणि ऊस ही तेथली नगदी पिके. कांद्याला भाव असलेल्या वर्षी वर्गणी सढळ होते आणि गाव मोठ्या फडाकडे वळते. भाव पडले किंवा अवकाळी पावसाने पीक गेले, की तेच गाव यात्रांपुरत्या उभ्या राहणाऱ्या लहान हंगामी फडावर भागवते किंवा तमाशाच रद्द करते.

वर्गणीचा दुसरा झरा मुंबईत आहे. मुंबईचे अनेक डबेवाले खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ आणि मुळशी या भागांतले आहेत, आणि चैत्रात गावच्या यात्रांसाठी ते काही दिवस डबे पोचवण्याचे काम बंद ठेवतात. शहरात राहणारा गावकरी यात्रेला येतो तेव्हा शेजारच्या गावापेक्षा आपल्या गावाचा फड मोठा असावा, अशी त्याची इच्छा असते. दोन गावांतली ही चुरस भाव वाढवते. खरेदीदाराला वस्तूबरोबर मानही विकत घ्यायचा असेल, तर तो हिशोबापेक्षा जास्त मोजतो, हा नियम जगातल्या सगळ्या लिलावगृहांत चालतो.

चित्राचा बाजार : तेच नियम, वेगळा परिणाम

चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा. १९५४ मध्ये त्यांनी ‘ग्रामयात्रा’ हे तेरा भागांचे, सुमारे चौदा फूट रुंदीचे चित्र रंगवले. त्या काळी दिल्लीत कामानिमित्त असलेल्या लिऑन व्होलोदार्स्की या डॉक्टरांनी ते सुमारे १,४०० रुपयांना घेतले आणि पुढे ऑस्लोच्या रुग्णालयाला दिले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात त्याला १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले. लिलावापूर्वी अंदाज २५ ते ३५ लाख डॉलरचा होता. अंदाजाच्या कितीतरी पुढे भाव जाण्यासाठी बाजारात शेकडो ग्राहक लागत नाहीत; मागे न हटणारे दोन पुरेसे असतात.

वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांचा चढता आलेखही असाच बोलका आहे. मूळ गोव्याच्या घराण्यातले, नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेले गायतोंडे वर्षाला अगदी थोडी चित्रे पूर्ण करीत. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि चित्रांची संख्या कायमची थांबली. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत त्यांच्या एका चित्राला २३.७ कोटी रुपये मिळाले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले. पुढे २०१५ मध्ये २९.३ कोटी, २०२१ मध्ये ३९.९८ कोटी आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ६७.०८ कोटी रुपये असे टप्पे त्यांच्या चित्रांनी गाठले. मर्यादित संख्या, संग्रहालयाची मान्यता, आधीच्या मालकांची स्वच्छ नोंद आणि नव्या धनिक संग्राहकांची चुरस अशी चार कारणे त्यात एकत्र आली. मालकीची नोंद इतकी महत्त्वाची ठरते, कारण भाव वाढला की नकलाही वाढतात. २००९ मध्ये दिल्लीत चित्रकार सय्यद हैदर रझा यांच्याच नावाच्या प्रदर्शनात स्वतः रझांना नकली चित्रे टांगलेली आढळली.

हे भाव एकाच दिशेने जात नाहीत. २००८ च्या जागतिक आर्थिक संकटात भारतीय चित्रांचे भाव कोसळले. त्या वेळी झपाट्याने वर चढलेल्या तरुण चित्रकारांना मोठा फटका बसला. ज्यांची जागा कलेच्या इतिहासात पक्की झाली होती, त्यांचे भाव आधी सावरले.

दुर्मीळपणा, नाव, चुरस आणि ग्राहकाची ऐपत ही कारणे राहुटीत आणि लिलावगृहात सारखीच आहेत. फरक पडतो तो साठवणीचा. चित्र पुन्हा विकता येते, म्हणून प्रत्येक विक्रीत त्याच्या नावावर आणखी किंमत जमा होते. तमाशाची रात्र पुन्हा विकता येत नाही. फडाने गेल्या वर्षी उत्तम खेळ केला, तर त्यातून उरते फक्त नाव, आणि त्या नावाने पुढची सुपारी मिळते.

मोल बदलते तेव्हा

तमाशाचे मोल राज्यकर्त्यांच्या दृष्टीनुसारही बदलले आहे. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या काळात शाहिरांना दरबारी आश्रय होता. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेर सरकारने तमाशावर बंदी आणली. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली आणि संहिता तपासून घेण्याच्या अटीवर खेळ पुन्हा सुरू झाले. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ या तमाशापटाचा मुक्काम पुण्यात १३१ आठवडे होता. तमाशाला ज्यांनी गावाबाहेर ठेवले होते, तेच लोक पडद्यावर तो पाहायला रांगा लावत होते.

सिनेमाने तमाशाला लौकिक दिला आणि स्पर्धाही दिली. अर्थशास्त्रज्ञ शर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये मांडले, की एका कलावंताचे काम एकाच वेळी लाखोंपर्यंत पोचवणारे साधन आले की थोड्या नामवंतांची मिळकत प्रचंड वाढते आणि त्यांच्या खालोखालच्यांची घटते. फिरत्या फडाला या नियमापासून बराच काळ संरक्षण होते, कारण श्रेष्ठ फडही रात्रीतून एकाच गावी जाई आणि उरलेल्या गावांना दुसरा फड लागेच. मोबाइलवर गाणी दिसू लागल्यावर हे संरक्षण कमी झाले. प्रेक्षक पडद्यावर पाहिलेल्या गाण्याची मागणी करू लागले, वगाची लांबी घटली, आणि सोंगाड्याच्या व शाहिराच्या कौशल्यापेक्षा नृत्याला जास्त भाव मिळू लागला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकावर निर्बंध आणले. रात्रभर चालणारा वग त्यामुळेही आखडला. पाच-सहा तासांचा खेळ दोन-तीन तासांत बसवला की आधी कापली जाते ती कथा. तमाशाच्या खेळात वग ही घडवायला सर्वांत अवघड गोष्ट आहे, आणि भावात तिचाच वाटा कमी होत चालला आहे. हे नुकसान सुपारीच्या आकड्यात दिसत नाही.

बाजार किती नाजूक आहे, हे २०२० मध्ये कळले. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला आला, आणि तोच देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस होता. वर्षातला सर्वांत मोठा व्यवहाराचा दिवस आणि सगळे बंद होण्याचा दिवस एकच ठरला. २०२१ च्या चैत्रातही राज्यात कडक निर्बंध होते. २ एप्रिल २०२२ च्या पाडव्यापासून राज्याने निर्बंध उठवले आणि यात्रा पुन्हा भरू लागल्या. सलग दोन चैत्र फडांना सुपारी मिळाली नाही, आणि उचलीसाठी काढलेले कर्ज मात्र डोक्यावर होते.

किंमत कोणाच्या हाती पडते?

विठाबाई नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. त्यांच्या नावावर गर्दी लोटत असे. तरीही त्यांची अखेरची वर्षे आर्थिक ओढगस्तीत गेली, आणि जानेवारी २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. राज्य शासन आज त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार देते. कमाई रात्रीची, खर्च बारमाही आणि साठवून ठेवण्याजोगी वस्तू हाती नाही, या रचनेत मोठ्या कलावंतालाही म्हातारपणाची शिदोरी बांधता येत नाही. हा दोष कलेचा नाही आणि कलावंताच्या उधळेपणाचाही नाही.

चित्रकाराचीही स्थिती पहिल्या विक्रीनंतर फारशी वेगळी नसते. ‘ग्रामयात्रा’चे कोट्यवधी रुपये चित्रकाराकडे गेले नाहीत. भारताच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ नुसार दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला मूळ चित्राची पुनर्विक्री झाली, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना कमाल १० टक्क्यांपर्यंत वाटा मिळण्याची तरतूद आहे. प्रयोग सादर करणाऱ्यांना १९९४ च्या दुरुस्तीने स्वतंत्र हक्क दिले आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्यांच्या सादरीकरणाच्या व्यापारी वापरावर मानधनाचा हक्क सांगितला. हजेरीच्या वेळी समोर उभ्या असलेल्या मोबाइलमध्ये जे चित्रित होते, त्यावर या हक्काची खरी कसोटी आहे. सुपारीच्या करारात चित्रणाची अट स्पष्ट लिहिली, उचलीसाठी कमी व्याजाचे कर्ज मिळाले आणि शासनाचे अनुदान हंगाम सुरू होण्याआधी पोचले, तर फडमालकाला पाडव्यापर्यंत थांबण्याचे बळ येईल. तोवर राहुटीत ठरलेला आकडा त्या एका रात्रीपुरताच फडाचा राहतो, आणि पुढच्या चैत्रात तो पुन्हा मिळवावा लागतो.